परत न आलेली पत्रकं

"मापाडी हायस ना तू? मंग मोज."

जवळा बाजारच्या भर बाजारात, मिरचीच्या ढिगांच्या आणि बांगडीवाल्याच्या मधल्या जागेत मी उकिडवा बसलो होतो. समोर पत्रकांची चळत. काही चिखलानं भरलेली. काही चुरगळलेली. एकावर भज्यांच्या तेलाचा डाग. तासाभरापूर्वी ती मीच वाटली होती. आता मीच माणसांच्या हातांतून आणि पायांखालून गोळा करून आणली होती. भोवती माणसांचं कडं. कड्यात तीन मोबाइल वर धरलेले.

मी पहिलं पत्रक उचललं आणि माझ्या तोंडून निघालं, "लाभ."

आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत. 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. वसमतच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मी तेव्हा चौदा वर्षं मापाडी होतो. इलेक्ट्रॉनिक काटे आले, तरी पोती मोजताना तोंडात तेच. जिभेची सवय. अपमानाच्या वेळी जीभ वेगळं वागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

कडं हसलं. मोबाइल धरलेल्यांपैकी एक पोरगं म्हणालं, "बघा, धंद्यावरच हाय हा." मग आणखी हसले.

"मोठ्यानं," मारोतराव म्हणाले.

मी मोठ्यानं मोजली. दोनशे सतरा.

मारोतराव म्हणजे आमच्या गावचे मोठे शेतकरी. साठ एकर, त्यातली बारा एकर हळद. ते ओरडले नाहीत. शिवी दिली नाही. हात लावला नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण जेवढं झालं तेवढंच सांगायचं. ते माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. मी एक्केचाळीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. मी त्यांना 'तुमी' म्हणायचो, ते मला 'तू'. मोबाइलवाली विशीतली पोरंसुद्धा 'तू'.

"तू चांगला माणूस हायस," ते आधी म्हणाले होते. "तुझ्या काट्यावर धा वर्षं हळद घातली मी. किलोची गडबड न्हाई. मंग हे काय करून राहिलास?"

"धम्माची माहिती हाय, मारोतराव."

"असू दे ना. तुमी माना. कोण नको म्हणून राहिलं? पण आपलं आपल्या घरात ठेवावं. दुसऱ्याला काहून सांगावं?"

त्या वेळी बाजाराच्या वेशीवर सप्ताहाचा मांडव पडला होता. दोन भोंगे बाजाराकडे तोंड करून. महाराज सांगत होते, या, नाम घ्या, माणसाचा जन्म पुन्हा नाही. माझं काही म्हणणं नव्हतं. आजही नाही. दरवर्षी सात दिवस तो आवाज आमच्या वस्तीत येतो. पण "दुसऱ्याला काहून सांगावं" हे वाक्य मारोतरावांना त्या भोंग्यांच्या वरताण आवाज काढून म्हणावं लागलं. मी ते दोनदा विचारल्यावर मला ऐकू आलं.

एक हवालदार उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "उचलून घ्या ना. कशाला गर्दी जमवता? शांतता बिघडून राहिली तुमच्यामुळं."

माझ्यामुळं. मी पत्रक देत होतो, दुसरे हिसकावत होते. बिघडवणारा मी.

ते पत्रक काय होतं तेही सांगतो. आमच्या विहार समितीचं. दरवर्षी दीक्षादिनाच्या आधी आम्ही बाजारात पत्रकं वाटायचो. वंदना किती वाजता, भाषण कुणाचं, भोजनदान कुठं. त्याला कधी कुणी हरकत घेतली नाही. लोक त्यात चिवडा बांधून न्यायचे. त्या वर्षी खाली दोन ओळी वाढल्या. "ज्याला जात नको आहे, त्या प्रत्येकाला हे दार उघडं आहे. आपणही विचार करावा."

त्या ओळी माझ्या. समितीत कुणी सुचवल्या नव्हत्या. मी घातल्या. वाटलं, चांगलं जेवण मिळालं तर शेजाऱ्याला हाक मारतो आपण. मग एवढी मोठी गोष्ट मिळाली, ती घरात काहून ठेवायची?

आम्ही बौद्ध आहोत याचा राग कुणाला नव्हता. आम्ही बोलावलं, याचा होता.

मी उचलली. मोजली. चळत पिशवीत घातली. मारोतराव म्हणाले, "झालं मंग. मनात ठेवू नको." आणि गेले. मला काटा राखायचा होता. मापाड्याचा परवाना कागदावर असतो, पण मापाडी शेतकऱ्यांच्या तोंडावर जगतो. चार जणांनी म्हटलं, ह्याच्या काट्यावर माल नको, की संपलं.

घरी आलो तेव्हा व्हिडिओ माझ्या आधी पोचला होता. बायकोनं मोबाइल खाली ठेवला आणि विचारलं, "मोठ्यानं काहून मोजले?"

"त्यायनं सांगितलं."

"सांगितलं म्हणून मोजले."

एवढंच. भाकरी वाढली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी मोंढ्यात, दोन पोत्यांच्या मधल्या वेळात, माझ्या डोक्यात एक वजाबाकी झाली. पत्रकं छापली तीनशे. हे पक्कं, कारण मी घरी दोनदा मोजली होती. पहिल्या वेळी दोनशे नव्व्याण्णव भरली, कारण दोन चिकटलेली होती. दुसऱ्या वेळी बराबर तीनशे. बाजारात सगळी वाटून झाली होती. परत आली दोनशे सतरा. राहिली त्र्याऐंशी.

त्र्याऐंशी माणसांनी परत दिलं नाही. मारोतराव उभे असताना. मोबाइल चालू असताना. कुणी खिशात घातलं असेल, कुणी मेथीच्या जुडीखाली सरकवलं असेल, कुणी नुसतंच विसरलं असेल. काही नाल्यात गेली असतील. सगळी वजा केली तरी शून्य होत नाही. मी जन्मभर मापं जुळवली. हे एकच माप जुळलं नाही, आणि मला बरं वाटलं. बायकोला मी ते सांगितलं. मग दरवर्षी सांगत राहिलो. "त्र्याऐंशी परत आले न्हाईत." ती म्हणायची, "ऐकलं."

पण मी पुन्हा पत्रक वाटलं नाही. अकरा वर्षं. जेवणाच्या वेळेचंसुद्धा नाही. कुणी विचारलं तर म्हणायचो, आता व्हॉट्सॲप आहे. खरं कारण मला माहीत होतं. बाजारात त्या जागेवरून जायची वेळ आली तर मी बांगडीवाल्याच्या मागून जायचो. सव्वीस पावलं जास्त पडतात.

आता यंदाचं सांगतो.

आमच्या आळीतला सुधाकर पुण्याहून परत आला. सात-आठ वर्षं तिकडं वॉचमन होता. जाताना तो कसा होता ते वस्तीला माहीत. दारू पिऊन आईच्या दारात पडायचा, आणि आई त्याच्यावर गोधडी टाकून कामाला जायची. आला तो वेगळाच. दाढी केलेला, इस्त्रीचा शर्ट, आवाज खाली. दारू बंद. येशूचा झाला होता. आईच्या घरात दर रविवारी प्रार्थना सुरू केली. आधी आई आणि तो. मग पाच-सहा बाया. मग एक दिवस त्यानं वस्तीतल्या चोपन्न घरांत चोपन्न पत्रकं टाकली. दारात उभा राहून, जयभीम घालून, हातात दिली. खाली लिहिलेलं, ज्याला शांती पाहिजे त्यानं यावं.

वस्ती पेटली.

मिलिंद आमच्या विहार समितीचा सचिव. अठ्ठावीस वर्षांचा, बी.एड. झालेला, नोकरीची वाट पाहणारा, वस्तीतल्या लेकरांना फुकट शिकवणारा. मी अध्यक्ष. मला त्याच्याविषयी वाईट लिहायचं नाही. तो म्हणाला ते खोटं नव्हतं.

"काका, आपल्या आजोबायनं देव काहून सोडले? पुन्हा दुसरा देव घरात घ्यायला? आपण थोडेच हाव. त्यात घरं फुटून राहिले. उद्या विहारात दिवा लावायला कोण येईल?"

मला हे पटतं. मी देव मानत नाही. सुधाकरची दारू सुधाकरनं सोडली, वरून कुणी उतरून सोडवली नाही, असं मला वाटतं. पण मिलिंद पुढं म्हणाला, "त्याला मानायचं तर मानू द्या ना. त्याच्या घरात. आमच्या लेकरायला काहून सांगून राहिला?"

मी उठून उभा राहिलो. कशासाठी उठलो ते मला कळेना. पाणी प्यालो आणि परत बसलो. ते वाक्य मी कुठं ऐकलं होतं, ते मला माहीत होतं. पण त्या दिवशी मी बोललो नाही. हेही लिहून ठेवतो. त्या दिवशी मी गप्प बसलो.

मिलिंदनं पोरं घेऊन घराघरांतून पत्रकं परत आणली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विहाराच्या आवारात सरपंच आला. सरपंच म्हणजे मारोतरावांचा मुलगा. बाजारात वर धरलेल्या तीन मोबाइलांपैकी एक त्याचा होता. आता चौतीस-पस्तिसचा. मारोतराव थकलेत, घराबाहेर फारसे पडत नाहीत.

"जयभीम, काका," तो मला म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा. आणि खुर्चीवर बसला. मिलिंदनं चहा आणला, कपबशीत. त्या घरातल्या कुणी आमच्याकडचा चहा घेतलेला मी पाहिला नव्हता. त्यानं घेतला. बशीत ओतून, फुंकून, सगळा प्याला. वस्तीतली पोरं पाहत होती. मिलिंदच्या चेहऱ्यावर आनंद होता. लपवता येत नव्हता त्याला.

"ह्या टायमाला आमी तुमच्यासोबत," सरपंच म्हणाला. "आपला प्रश्न एकच हाय आता. अर्ज द्या, पुढचं मी बघतो."

त्या चहाची किंमत काय, हे मला तेव्हाच कळलं. एक सुधाकर.

अर्ज तयार होता. मिलिंदनं टाइप करून आणलेला. पोलीस ठाण्यासाठी. त्यात लिहिलं होतं, सदर इसम गोरगरिबांना आमिष दाखवतो, आजाऱ्यांची औषधं बंद करायला लावतो, फसवून धर्म बदलायला लावतो. खाली अध्यक्षाच्या सहीची जागा.

"आमिष कोणतं?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"काय दिलं? तांदूळ? कपडे? किती, कुणाला?"

मिलिंदनं सरपंचाकडं पाहिलं. सरपंच हसला. "काका तुमी मापाडीच राहिले. असं लिहावं लागते. त्याशिवाय केस बनत न्हाई."

"औषधं कुणाची बंद केली?"

"केलीच असतील ना कुणाची तरी."

मग मिलिंदनं परत आलेली पत्रकं माझ्यासमोर ठेवली. "हे मोजा, काका. अर्जाला जोडायचे. तुमच्या हातचं मोजमाप म्हणल्यावर कोण शंका घेईल?"

मी चळत जवळ ओढली. पहिलं पत्रक उचललं.

"लाभ."

निघालं तोंडातून. तीच जीभ. आणि हात थांबला. समोर सरपंच बसलेला. त्याचा मोबाइल टेबलावर पालथा. मला वाटलं आता तो उचलेल, वर धरेल, म्हणेल, मोठ्यानं. त्यानं उचलला नाही. गरज नव्हती. या वेळी मी खुर्चीवर होतो. उकिडवा बसायची पाळी सुधाकरची होती आणि मोजायचं काम पुन्हा माझंच.

बाकीची मी मनात मोजली. एक्केचाळीस.

"तेरा राहिले," मिलिंद म्हणाला. "ते बी काढतो घराघरातून."

"सही उद्या, रविवारी," मी म्हणालो. "वंदनेनंतर."

मला बसवेना. मोंढ्यात जायचं नव्हतं त्या दिवशी, तरी गाडी काढली, वसमतच्या रस्त्याला लागलो, नदीच्या पुलापर्यंत गेलो आणि परत फिरलो. परत येताना सरळ सुधाकरच्या दारात.

तो आईच्या पायाला तेल लावत बसला होता. मला पाहून उठला. "या दादा. बसा."

"बसायला न्हाई आलो. तू तांदूळ देतोस का कुणाला?"

"मलाच रेशनचा पुरत न्हाई, दादा."

"पैसे?"

"न्हाई."

"गोळ्या बंद करा म्हणलास कुणाला?"

"न्हाई. गोळ्या खा आन प्रार्थना बी करा म्हणलो."

"प्रार्थनेनं शुगर उतरत न्हाई, सुधाकर."

"तुमाला नसंल वाटत. माझी दारू सुटली, दादा. हे कोणाला सांगूच नको म्हणता का तुमी?"

त्याची आई बसल्या जागेवरून म्हणाली, "बाजारात तुमाला मोजायला लावलं तवा मी भाजी घेऊन बसले होते बरं का. कागद कनवटीला खोसला होता मी. वाचता येत न्हाई मला. पण दिला न्हाई."

त्र्याऐंशीतलं एक. अकरा वर्षं मी चेहरा शोधत होतो, तो माझ्याच आळीत, माझ्या दारापासून चौथ्या घरात. मी निघालो.

पण शब्दावर माप होत नाही. सुधाकर काहीही म्हणेल. त्याच्या प्रार्थनेला जाणाऱ्या पाच-सहा बायांतली एक माझ्या घरात होती, हे मी अजून सांगितलेलं नाही. मला ते चार दिवसांपूर्वी कळलं होतं. बायकोला शुगर आहे, सहा वर्षं झाली. ती दोन रविवार सुधाकरच्या आईकडं जाऊन बसली होती. मी विचारलं नव्हतं. तिनं सांगितलं नव्हतं.

घरी आलो. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी आत जाऊन फळीवरचा गोळ्यांचा डबा काढला. सकाळ-संध्याकाळ एक. तीस गोळ्या आणल्या, त्याचा आज दहावा दिवस. नऊ दिवसांच्या अठरा आणि आज सकाळची एक, एकोणीस. राहायला हव्यात अकरा. मी पट्टीवरचे फुगे बोटानं दाबत मोजले. अकरा. एकही चुकलेली नाही.

डब्याच्या तळाशी घडी घातलेला कागद होता. सुधाकरचं पत्रक. परत न आलेल्या तेरांतलं एक.

माझ्या हातानं काय केलं ते प्रामाणिकपणे सांगतो. हातानं ते उचललं. चुरगळायला मूठ वळली. मी विहार समितीचा अध्यक्ष. माझ्या घरात. माझ्या बायकोच्या डब्यात. त्या क्षणी माझ्या डोक्यात मारोतरावांचा आवाज नव्हता. माझाच होता. तोच सूर.

बायको दारात उभी होती.

"मिलिंद आला व्हता मागायला," ती म्हणाली. "न्हाई म्हणलं, हरवला."

"काहून ठेवलास?"

"वाचायला."

"काय हाय ह्याच्यात वाचण्यासारखं?"

"अजून वाचून व्हायचाय. झाल्यावर सांगते." तिनं हात पुढं केला. "तुमी दरसाल सांगता, त्र्याऐंशी आले न्हाईत, त्र्याऐंशी आले न्हाईत. त्या त्र्याऐंशीत एखादी माझ्यासारखीच असंल ना. नवऱ्याला न सांगता डब्यात ठेवणारी. ती चांगली आन मी वाईट?"

मी कागद सरळ केला. मांडीवर ठेवून सुरकुत्या काढल्या. घडी घातली, जिथं होता तिथं ठेवला, वर गोळ्या ठेवल्या.

"तू जाणार हायस का तिकडं?" मी विचारलं.

"ते मी ठरवते."

बरोबर होतं. ते तिनं ठरवायचं. मला भीती वाटली, हेही खरं. अजून वाटते.

दुपारी विहाराचं कपाट उघडून मी संविधान काढलं. आमच्याकडं ते असतंच. हार घालायला काढतो, वाचायला कमी. धर्माच्या कलमावर बोट ठेवून वाचलं. धर्म मानायचा हक्क. आचरायचा हक्क. आणि तिसरा, प्रसार करायचा. मी तीनदा वाचलं. 'आपल्या घरात' असं कुठं नाही. 'फक्त आमच्यासाठी' असंही नाही. अटी आहेत. सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य. त्या मी सकाळपासून एकेक करून तपासल्याच होत्या. प्रार्थनेला जाणाऱ्या बाकीच्या बायांनाही विचारून आलो होतो, कुणाला काही मिळालं नव्हतं, कुणाची गोळी बंद नव्हती. आमिष असतं तर पहिली सही माझी. एकाही बाईची एक गोळी चुकली असती तर मी स्वतः त्याला ठाण्यात नेलं असतं.

सुव्यवस्थेचं म्हणाल, तर तिची गोष्ट मला हवालदारांनी बाजारात शिकवली आहे. देणाऱ्याला गप्प करायचं आणि हिसकावणाऱ्याला सांभाळायचं, त्याला ते सुव्यवस्था म्हणतात.

मोंढ्यात माल चढवण्याआधी मी काटा शून्यावर आणतो आणि शेतकऱ्याला दाखवतो. साठ एकरवाला असो की दीड एकरवाला. शून्य बघा, मग पोतं चढवा. चोवीस-पंचवीस वर्षांत एकदाही चुकवलं नाही. पण अकरा वर्षं मी बाजारातला अन्याय छातीवर घेऊन फिरलो, आणि पहिली संधी आली तेव्हा दुसऱ्याच्या मालाखाली काटा आधीच वजन दाखवत होता. ते वजन माझं होतं.

रविवारी वंदना झाली. सगळे बसले. सरपंचही आला होता, चप्पल बाहेर काढून, मागं बसला. मिलिंदनं अर्ज पुढं केला. मी उभा राहिलो.

"मी सही करणार न्हाई. ह्याच्यात तीन गोष्टी लिहिल्यात. तिन्ही मी तपासल्या. तिन्ही खोट्या हायेत."

कुजबुज झाली. मिलिंद म्हणाला, "म्हणजे त्याला वाटू द्यायचं?"

"व्हय."

"आपले लोक जातील, काका."

"जातील तर आपण काय कमी पडलो ते बघू. त्याच्या दारात जाऊ, समोर बसू, तू चूक हायस म्हणू. मी रोज म्हणीन. पण ठाण्यात नेऊन त्याचं तोंड बंद करणार न्हाई. आपलं तोंड कशानं बंद केलं व्हतं ते तू इसरला असशील. तू सतरा वर्षांचा व्हतास. मी इसरलो न्हाई. करणारे बी इथं बसलेत."

मागं कुणी मान वळवली नाही. सरपंच मोबाइल पाहत होता.

"तुमी त्यायचे झाले का काका?" मिलिंदनं विचारलं. आवाज फाटला होता त्याचा. तो माझ्या मुलासारखा आहे.

"न्हाई. मी आहे तिथंच हाय. म्हणून सही करत न्हाई."

कुणीतरी म्हणालं, अध्यक्ष बदला. हात वर झाले. मी मोजले, सवय आहे. सत्तावीस माझ्या विरोधात. माझ्या बाजूनं चार. चारांतला एक हात बायकोचा.

अर्ज गेला, मिलिंदच्या सहीनं. सुधाकरला दोनदा ठाण्यात बोलावलं. दोन्ही वेळा मी सोबत गेलो आणि माझा जबाब लिहून दिला. आमिष नाही, औषध बंद नाही, मी स्वतः पाहिलं. चौकशी चालू आहे म्हणतात. मोंढ्यात दोन शेतकऱ्यांनी माझ्या काट्यावरून माल उतरवून दुसरीकडं नेला. कारण सांगितलं नाही. मिलिंद रस्त्यात भेटला की मान फिरवतो. ते मला सगळ्यात जास्त लागतं. बायकोनं ते पत्रक वाचून संपवलं का, मी विचारलेलं नाही.

मोजून झाल्यावर ती एक्केचाळीस पत्रकं माझ्याकडंच होती, अर्जाला जोडायला मी दिली नव्हती. त्याच रविवारी, सगळ्यांदेखत, सुधाकरच्या दारात जाऊन त्याच्या हातात दिली. "तुझी हायेत," म्हणालो. "वाट. आन मी तुझ्या विरोधात बोलणार हाय, तोंडावर, बाजारात. तयारी ठेव." तो म्हणाला, "बोला, दादा. ऐकीन." मी म्हणालो, "ऐकलं न्हाईस तरी बोलीन."

हिंगोलीत जाऊन मी पत्रकं छापून आणली. माझ्या खर्चानं, समितीचं नाव न टाकता, खाली माझं नाव आणि गाव. तीनशे. छापखानेवाला म्हणाला, मोजून घ्या. मी म्हटलं, राहू द्या. त्यानं माझ्याकडं पाहिलं, कारण तो मला ओळखतो. मजकूर जुनाच आहे. खालच्या दोन ओळीही त्याच. ज्याला जात नको आहे, त्या प्रत्येकाला हे दार उघडं आहे. आपणही विचार करावा.

उद्या बाजार आहे. मिरचीच्या ढिगांच्या आणि बांगडीवाल्याच्या मधे मी उभा राहणार आहे. सुधाकरला दुसऱ्या टोकाला उभं राहायचं असेल तर त्यानं राहावं. मारोतरावांच्या मुलाला मी पहिलं पत्रक देईन. त्यानं फाडलं तर फाडू दे, ते त्याचं झालं. मोबाइल वर होतील. कुणीतरी म्हणेल, उचल. कुणीतरी म्हणेल, मोज.

हातातलं पत्रक खाली पडेल, पायाखाली जाईल, चिखलात जाईल. जिथं पडेल तिथं राहील. मी वाकणार नाही.